शिडी धरणाऱ्याचा नमस्कार

साहेबांना नमस्कार करण्यासाठी मी शिडी सोडली. शिडीवर माझा मेव्हणा होता.

एवढं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "सोडली म्हणजे? जरा सैल धरली असेल." नाही. सोडली. दोन हात जोडायचे तर दोन्ही हात मोकळे लागतात. एका हाताने शिडी आणि दुसऱ्या हाताने सलाम हे फौजेत चालत असेल, आमच्या खात्यात नमस्कार पुरा करायची पद्धत होती. कमरेतून थोडं वाकायचं, मान किंचित कलती, आणि चेहऱ्यावर 'आपण दिसलात, आता जेवलो नाही तरी चालेल' असा भाव. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी दुसरं काही शिकलो नसेन, पण लिफ्टचं दार उघडताना जो 'खट्' असा आवाज व्हायचा त्याला माझे हात माझ्या आधी उत्तर द्यायचे. मी नंतर पोचायचो.

आम्ही तेव्हा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. कॉम्प्युटर आमच्या खात्यात यायला अजून बराच अवकाश होता. मी जनरल सेक्शनला होतो. जनरल सेक्शन म्हणजे ज्या कामाला दुसरा कुठलाच सेक्शन आपलं म्हणत नाही ते काम: पंखे, पडदे, पिण्याचं पाणी, व्हरांड्यातली कबुतरं. माझ्या आईची शेवटपर्यंत समजूत होती की मुलगा दिल्लीत बसून देश चालवतो. मुलगा कबुतरं हाकलत होता.

त्या वर्षी सरकारने आमच्या खात्याचं नाव बदललं. काम तेच, माणसं तीच, कबुतरंही तीच, फक्त नाव नवं. त्यामुळे इमारतीच्या आतल्या सगळ्या पाट्या बदलायच्या ठरल्या. खोल्यांच्या, जिन्यांच्या, वळणांवरच्या आणि सगळ्यांत मोठी तळमजल्यावर लिफ्टसमोरच्या हॉलमध्ये, उंच भिंतीवर. जाड लाकडी फळी, सागवानी चौकट, वर हिंदीत आणि खाली इंग्रजीत नवं नाव.

पाट्या रंगवून बसवायचं हे काम रीतसर माझ्या मेव्हण्याला मिळालं. म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या भावाला. गाझियाबादला त्याचं दुकान होतं. तो दिल्लीतच वाढलेला. मराठी अस्खलित बोलायचा, पण जरा अवघड शब्द आला की हिंदीकडे हात पसरायचा. कॉमर्सची पदवी अर्धी टाकून त्याने ब्रश हातात घेतला तेव्हा सासऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मग त्याने घराच्या दारावरची पाटी लिहिली, आणि सासरे आल्या-गेल्याला आत घेण्याआधी दारात थांबवून पाटी दाखवू लागले. त्याचा 'श' असा डौलात उभा असायचा जसा नवरदेवाकडचा पाहुणा. सबंध दुकान त्याच्या उजव्या हातात होतं. गाझियाबादला होता तो नुसता गाळा.

काम मिळवून देण्यात मी काही केलं नव्हतं. फक्त तो माझा मेव्हणा आहे, हे ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

"तिथे मला भाऊजी म्हणायचं नाही," मी त्याला बजावलं.

"मग काय म्हणू?"

"सर म्हण."

"यार भाऊजी, तुम्हाला सर म्हणताना मला हसू येईल."

"मग काही म्हणूच नकोस."

सासरे गेल्यापासून बायको त्याची बहीण कमी आणि आई जास्त झाली होती. ती शाळेत शिक्षिका, त्यामुळे अट घालायची तर ती कशी घालायची हे तिला ठाऊक. जेवताना तिने पोळी माझ्या ताटात वाढण्याऐवजी हातातच धरून ठेवली.

"तो उंचावर चढेल तेव्हा शिडी तुम्ही स्वतः धरायची. चपराशाला सांगून निघून जायचं नाही."

"धरतो."

"तुमचं 'धरतो' मला माहीत आहे. गॅसवरच्या दुधाकडेही तुम्हीच बघत असता."

"अगं, धरतो म्हटलं ना."

"मला तो एकच भाऊ आहे," ती म्हणाली आणि पोळी सोडली.

खोल्यांच्या आणि जिन्यांच्या पाट्या व्यवस्थित लागल्या. मेव्हण्याच्या कामाच्या काही तऱ्हा होत्या. हाताने फिरवायचं ड्रिल लावण्याआधी त्या मजल्याचा मेन स्विच बंद करायला लावायचा, कारण भिंतीत वायर कुठून गेली आहे हे भिंतीला विचारता येत नाही असं त्याचं म्हणणं. काम चाललेल्या जागेभोवती दोरी बांधायचा, म्हणजे कुणी खालून जाणार नाही. भोक पाडून त्यात लाकडी गुल्ली ठोकल्याशिवाय स्क्रू पिळायचा नाही. मला हे सगळं जरा नाटकी वाटायचं. पंखे बंद पडले की सगळे सेक्शन माझ्याच नावाने बोंब मारत. दोरी ओलांडताना एका वयस्क बाईंची साडी अडकली, तर त्यांनी मला ऐकवलं, मेव्हण्याला नाही. त्याला त्या 'बेटा' म्हणाल्या.

हॉलमधली मोठी पाटी शेवटी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्री येऊन तिच्यावरचा पडदा ओढणार होते. पडदाही मीच शिवून घेतला होता. मंत्र्यांसाठी हॉलच्या फरशीला मेण लावून अशी घासली होती की तिच्यात स्वतःचा चेहरा दिसायचा. मला तर माझ्या नाकातले केसही दिसले.

मेव्हणा हॉलमध्ये आला, त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं.

"भाऊ..." तो म्हणाला आणि थांबला. "सर. फरशी बिल्कुल काच झालीये. ही टेकवायची शिडी इथे नको. चार पायांची घोडी पाहिजे."

"ती स्टोअरमध्ये आहे."

"मग काढा."

"स्टोअरकीपर रजेवर आहे. चावी त्याच्याकडे."

"मग उद्या करू."

"उद्या मंत्री."

"अच्छा. मग शिडीच्या पायाखाली बोरी टाकू या. सरकणार नाही."

मंत्र्यांच्या फरशीवर पोतं. मी मान हलवली.

"निदान दोरी बांधतो आणि लिफ्ट थोडा वेळ बंद ठेवा. फळी भारी आहे."

"साहेब याच लिफ्टने खाली येतात. साहेबांना काय जिन्याने उतरवू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे बोरी नाही, दोरी नाही, घोडी नाही. फक्त तुम्ही."

"मी आहे ना," मी म्हटलं.

हे तीन शब्द मी आयुष्यात जिथे जिथे उच्चारले आहेत तिथे पुढे डॉक्टर तरी लागला आहे किंवा माफी तरी. खरं तर त्याने त्याच वेळी पाठ फिरवून निघून जायला हवं होतं. पण तोही काही फार शहाणा नव्हता. त्याला दुपारी पानिपतला एका हातमागवाल्याच्या कारखान्यात पाटीचं माप घ्यायला जायचं होतं आणि बस चुकवायची नव्हती. त्याने खांदे उडवले, हत्यारांची पिशवी कमरेला बांधली आणि शिडी भिंतीला टेकवली.

मी खाली उभा राहिलो. एक पाय शिडीच्या खालच्या पायरीवर, दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंचे बांबू घट्ट. खोटं कशाला सांगू, मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. बायकोने या क्षणी पाहायला हवं होतं, असंही वाटून गेलं. चपराशाने टेबलावर चढून फळी वर ढकलली, मेव्हण्याने ती भिंतीतल्या दोन लोखंडी कोनांवर टेकवली आणि एकेक कोपरा स्क्रूने आवळायला लागला. वरून भुसा माझ्या टकलावर पडत होता. मी हात सोडून तो झटकलासुद्धा नाही. इतका मी कर्तव्यदक्ष होतो.

शेवटचा कोपरा लांब होता.

"शिडी सरकवू या का?" मी वर विचारलं.

"नको, पोचतोय," तो म्हणाला आणि उजवीकडे झुकला. एक पाय पायरीवर, एक हवेत. स्क्रू ड्रायव्हर आता डाव्या हातात घेऊन उजव्याने त्याने चौकट धरली.

खट्.

लिफ्टचं दार उघडलं. साहेब बाहेर आले. पहिल्यांदा टेबलाजवळच्या चपराशाचे हात जुळले, मग पाण्याच्या माठापाशी उभ्या असलेल्या कारकुनांचे. आणि मग माझे. पायही जोडावे लागतात, म्हणून पायरीवरचा पायही खाली आला. हे सगळं मी ठरवून केलं नाही. ठरवलं असतं तर निदान आधी मेव्हण्याला सांगितलं असतं.

पाठीमागे काचेवर चमचा ओढावा तसा आवाज झाला. तो शिडीच्या पायांचा होता हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. साहेबांची नजर माझ्यावरून उठली आणि वर गेली. त्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं, नमस्कारात काही कमी पडलं. म्हणून मी आणखी थोडा वाकलो.

"भाऊजी."

हाक वरून आली. मोठी नव्हती. पंगतीत मीठ मागावं तशी. मी मान वर केली. शिडी फरशीवर आडवी होती आणि माझा मेव्हणा उजव्या हाताने पाटीच्या चौकटीला लटकत होता. त्याचे पाय माझ्या डोक्याच्या बरेच वर, आधार शोधत. आणि मी खाली तसाच, हात जोडलेला. माझे हात सुटेनात. खरंच सुटेनात, जणू कुणी डिंक लावून चिकटवले होते. चपरासी पुढे कितीतरी दिवस कँटीनमध्ये सांगत असे की बाबूजी त्या वेळी देवाला साकडं घालत होते. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

"पकड़ो उसे," साहेब ओरडले. मी जागचा हललो नाही. मग भिंतीतून कचकन आवाज आला, गिलाव्याचा ढग उठला आणि पाटी, चौकट, मेव्हणा, सगळं एकदम खाली आलं. पडता पडता त्याने अंग बाजूला फेकलं, म्हणून फळी त्याच्यावर पडली नाही. ती साहेबांच्या बुटांच्या टोकापाशी येऊन आदळली. साहेबांनी आणखी एक पाऊल टाकलं असतं तर काय झालं असतं, हे मी अजूनही डोळे मिटून पाहू शकत नाही. मेव्हणा उजव्या तळहातावर पडला होता.

त्याच्याजवळ पहिल्यांदा कोण पोचलं असेल? साहेब. ज्यांच्या खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल बदलायला विसरलो तर आम्हाला घाम फुटायचा ते साहेब, सफारी सूटसकट त्या चुन्यात गुडघे टेकून बसले होते आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत होते, "हिलना मत, बेटा. हिलना मत।" मग माझ्याकडे वळून, "खड़े क्या हैं? मेरी गाड़ी निकलवाइए।"

"जी सर," मी म्हणालो. माझे हात जुळलेलेच होते, त्यामुळे तेवढा वेळ वाचला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने हात पाहिला. मनगटाचा आकार काट्याच्या चमच्यासारखा झाला होता. मी आधी पाहिलं आणि मग पाहायचं नाही असं ठरवलं.

"उँगलियाँ हिलाओ," डॉक्टर म्हणाला.

बोटं हलली. थोडी, पण हलली.

"अंगूठा।"

अंगठा हलला नाही. मेव्हण्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, जसं बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे पाहतात. पुन्हा प्रयत्न केला. काही नाही.

"नस दबी है," डॉक्टर म्हणाला. "हाथ लौट भी सकता है, नहीं भी। प्लास्टर कटेगा तब देखेंगे।"

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेला. मेव्हणा छताकडे पाहत पडला होता.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "कलाईचं सोडा. अंगठ्याशिवाय ब्रश धरता येत नाही."

माझ्या डोक्यात एकच विचार फिरत होता की बायको आत्ता शाळेतून निघाली असेल. शाळेच्या फोनवर मी फक्त 'जरा लागलंय' असं सांगितलं होतं.

ती आली तेव्हा तिच्या बोटांना खडू होता. तिने आधी भावाचा चेहरा पाहिला, मग हात, मग मी कुठे आहे ते पाहिलं.

"शिडी कोण धरत होतं?"

"भाऊजीच धरत होते," मेव्हणा म्हणाला. "माझाच पाय सुटला, ताई. फार झुकलो होतो. त्यांची काही गलती नाही."

मला वाटलं, या मुलाला मी सोन्याने मढवावं. तेवढ्यात आमच्याबरोबर गाडीतून आलेला चपरासी, भला माणूस, बाजूला उभा राहून डोळे पुसत होता, त्याला वाटलं की बहनजींना पुरी हकिगत कळायला हवी.

"नहीं बहनजी," तो म्हणाला, "बाबूजी ने नमस्ते किया था।"

"किसको?"

"बड़े साहब को। साहब लिफ्ट से निकले न। तो बाबूजी ने सीढ़ी छोड़ी और नमस्ते किया। बहुत अच्छे से किया।"

बायको बाकावर बसली. मी ओरडा, रडणं, शिव्या, जे काही असेल त्याची वाट पाहत होतो. तिने पर्स माझ्या बाजूने उचलली आणि पलीकडच्या बाजूला ठेवली, एवढंच. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी भांड्यांमार्फत बोलत असे. कढई आपटली तर जेवायला या. झाकण आपटलं तर जेवण संपलं.

दुसऱ्या दिवशी मंत्री आले. पाटी नव्हती. पडदा होता. तो आयत्या वेळी काढायचं कुणाला सुचलं नाही, त्यामुळे मंत्र्यांनी दोरी ओढली आणि मागे भगदाडं पडलेली कोरी भिंत निघाली. मंत्री तिच्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले की सादगी त्यांना नेहमीच आवडते. टाळ्या झाल्या.

ते गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं. नोकरी गेली असं समजूनच मी गेलो.

"वह लड़का आपका साला है।"

"जी सर."

"छुपाया क्यों, वह बाद में पूछूँगा। पहले यह बताइए, सीढ़ी क्यों छोड़ी?"

"सर, आप आ गए थे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटतं, त्यांना ही गोष्ट तोवर खरोखर कळली नव्हती. म्हणजे शिडी घसरली हे त्यांनी पाहिलं होतं. ती आपल्यासाठी घसरली हे पाहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच त्यांची समजूत घालावीशी वाटली.

"नहीं सर, मतलब आपकी गलती नहीं..."

"चुप रहिए," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "इमारत के अंदर ऐसे काम के नियम बनाइए। आज ही।"

मी बसून नियम लिहिले. लिहिताना लक्षात आलं की मी नवं काहीच लिहीत नाहीये, मेव्हण्याने मागितलेलं आणि मी नाकारलेलं एकेक ओळीवर उतरवतोय. ड्रिलआधी मेन स्विच बंद. जागेभोवती दोरी, खालून कुणी जायचं नाही. गुळगुळीत फरशीवर चार पायांची घोडी, ती नसेल तर काम पुढे ढकला. हात पुरत नसेल तर झुकू नका, उतरा आणि शिडी सरकवा. जड पाटी नुसत्या गिलाव्यात अडकवू नका. ही शेवटची ओळ लिहिताना मी थांबलो. हॉलच्या भिंतीतली भोकं विटेपर्यंत गेली नव्हती, आणि ती खोल करायला मेव्हण्याने मेन स्विच पुन्हा थोडा वेळ बंद मागितला होता. साहेबांचा पंखाही त्याच स्विचवर होता म्हणून मी 'चलेगा' म्हटलं होतं.

साहेबांनी कागद वाचला, काही खोडलं नाही. सगळ्यांत वर स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: शिडी धरलेल्या कर्मचाऱ्याने कोणत्याही अधिकाऱ्यास अभिवादन करू नये. ते परिपत्रक साऱ्या इमारतीत वाटलं गेलं. वाटायचं काम जनरल सेक्शनचं. मी प्रत्येक टेबलावर जाऊन ते ठेवत होतो आणि प्रत्येक टेबलावर लोक पहिली ओळ वाचून आधी माझ्याकडे बघत होते आणि मग खिडकीबाहेर.

मेव्हणा आमच्याकडेच राहिला. गाझियाबादचा गाळा बंद होता. पानिपतचं काम दुसऱ्या कुणाला गेलं. दिवसभर तो खाटेवर बसून प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांकडे बघायचा. एकदा डाव्या हाताने त्याने वर्तमानपत्रावर 'श' काढला, बघितला आणि चुरगळून टाकला. मी तो नंतर उलगडून पाहिला. नवरदेवाकडचा पाहुणा कुठेतरी नाल्यात पडून आल्यासारखा दिसत होता.

प्लास्टर कापलं त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. हात काडीसारखा झालेला.

"अंगूठा," डॉक्टर म्हणाला.

अंगठा हलला असं म्हणवत नाही. थरथरला. पण बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की तिथे नखं उमटली. भांड्यांचा काळ तिथे संपला, असं मी धरून चाललो.

डॉक्टरने रबरी चेंडू दाबायला सांगितलं होतं. बायको म्हणाली, चेंडू कशाला, कणीक आहे. त्या दिवसापासून दोन्ही वेळची कणीक मेव्हण्याने मळायची. पहिले काही दिवस पोळ्या चामड्यासारख्या झाल्या. मी त्या मुकाट्याने खाल्ल्या. मत मांडायचा माझा हक्क मी हॉलमध्ये सोडून आलो होतो. मग बायकोने स्वयंपाकघरातले डबे त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, नावं लिही. ते डबे आजही आमच्याकडे आहेत. तूरडाळीच्या डब्यावर नाव असं वाकडं आहे की डाळच कुजकी वाटावी. साखरेच्या डब्यावर काना जागेवर आलाय, पण 'ख' दोन तुकड्यांत तुटलाय. पोह्यांचा डबा सगळ्यांत शेवटी झाला. त्यावर तो बराच वेळ ओणवा बसला होता. मग ब्रश धुतला आणि म्हणाला, "ताई, हे चालेल."

बायकोने डबा उचलून उजेडात धरला. ती आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मोठी पाटी तडकली होती. त्याने ती नव्याने केली आणि स्वतःच रंगवली. बसवायच्या दिवशी हॉलमध्ये सगळं होतं: चार पायांची घोडी, तिच्या पायाखाली जाड तरट, चारी बाजूंनी दोरी, मेन स्विच बंद, आणि स्विचपाशी चपरासी पहाऱ्याला, कुणी चुकून चालू करू नये म्हणून. मी सवयीने दोरीच्या आत पाय टाकला.

"तुम्ही नाही," मागून आवाज आला.

बायको होती. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती. मला तिने काही सांगितलं नव्हतं. तिने चपला दोरीबाहेर काढल्या नाहीत, उलट त्यांचे पट्टे आवळले. पदर खोचला, आत आली आणि घोडीचे दोन पाय दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. साऱ्या जनरल सेक्शनसमोर. मी माझ्याच ऑफिसात दोरीबाहेर उभा होतो आणि माझी बायको आत.

मेव्हणा चढला. त्याने गुल्ल्या ठोकल्या, खेचून पाहिल्या. चपराशाने आणि दोघा कारकुनांनी दोरखंडाने फळी वर चढवली. एक कोपरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला त्याने हात लांबवला, क्षणभर थांबला, आणि खाली उतरला. घोडी सरकवली. पुन्हा चढला. उजव्या हातातला स्क्रू ड्रायव्हर जरासा थरथरत होता, पण अंगठा पक्का बसला होता. बायको वर बघत नव्हती. ती फक्त घोडीच्या पायांकडे बघत होती.

तेवढ्यात जिन्यावरून साहेब उतरले. लिफ्ट बंद ठेवा असा हुकूम त्यांनीच दिला होता. हॉलमधले सगळे जागच्या जागी ताठ झाले. परिपत्रकाची पहिली ओळ सगळ्यांना पाठ होती. पण ती शिडी धरणाऱ्यांसाठी होती आणि माझे हात रिकामे होते, त्यामुळे मी केला नमस्कार. साहेबांचं लक्ष नव्हतं. ते दोरीपाशी येऊन बायकोकडे बघत होते. मग त्यांनीच हात जोडले.

"नमस्ते, बहनजी।"

बायकोने मान वळवली नाही. "नमस्ते बाद में करूँगी," ती म्हणाली. "अभी हाथ ख़ाली नहीं हैं।"

साहेब तिथेच उभे राहिले. मेव्हण्याने शेवटचा स्क्रू पूर्ण आवळला, पाटीला हाताने धक्का देऊन पाहिलं, एकेक पायरी उतरला आणि त्याचे दोन्ही पाय फरशीला लागले. तेव्हा कुठे बायकोने हात सोडले. तिच्या तळव्यांवर लाकडाचे वळ उमटले होते.

साहेबांनी पाटी पाहिली, मेव्हण्याचा हात पाहिला, तिचे तळवे पाहिले. मग माझ्याकडे वळले.

"भर्ती तो इनकी होनी चाहिए थी," ते म्हणाले. "आपको किसने ले लिया?"